टाकीचा उपास

आमच्या वाडीत सकाळी सगळ्यांच्या आधी कोण उठतं याची पैज लागली, तर कोंबड्याच्या नादाला लागू नका. आधी दाजी उठतो. खांद्यावर पंचा टाकतो आणि देवळाच्या उताराखालच्या टाकीकडे चालू लागतो. जमिनीत पुरलेली सिमेंटची टाकी आहे ती, वर घुमटासारखं झाकण. देवगडच्या बाजारातला सडका भाजीपाला, बंदरावरची मासळीची घाण, मे महिन्यात आंब्याच्या साली, सगळं तिच्या तोंडातून आत जातं. आत कुजून त्याचा गॅस होतो आणि पाइपाने अंगणवाडीत आणि वाडीतल्या काही घरांत जातो. उरलेलं काळं पाणी आम्ही कलमांना आणि माडांना घालतो. माझ्या परसातला एक माड मी तोडायला काढला होता. आज त्याचे नारळ मी दुकानात विकतो, आणि नारळ फोडताना दाजीची आठवण काढतो. त्याच्या तोंडावर मात्र सांगत नाही, नाहीतर चढून बसेल.

दाजी मूळचा तांडेल. स्वतःची होडी होती. जाळं ओढताना एकदा खांदा निखळला, तो पुन्हा धड बसलाच नाही. होडी भावाच्या ताब्यात दिली आणि माझ्या दुकानाच्या बाकड्यावर बसून दिवसभर माझं डोकं खायला लागला. टाकी सांभाळायला माणूस हवा असं कळलं, तेव्हा मीच त्याला ढकलत तिकडे नेला. परोपकार वगैरे काही नाही, माझं बाकडं मोकळं व्हायला हवं होतं. तो गेला तो तिथेच रमला. टाकीला तो ‘बाय’ म्हणतो. घरात बायकोशी बोलणार नाही एवढं बायशी बोलतो.

त्याची बायको आनंदी. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी देवळात महाप्रसाद असतो, तो रांधायचा मान कित्येक वर्षं आनंदीवहिनींचा. भात, काळ्या वाटाण्यांचं सांबारं आणि गुळाची खीर. पंगती उठेपर्यंत लोक बोटं चाटत असतात, आणि वहिनी तोवर लाल डोळ्यांनी खोकत घरी गेलेल्या असतात. देवळामागच्या शेडमध्ये मोठ्या चुली, ओली लाकडं आणि पावसाळी हवा, त्यामुळे धूर तिथेच कोंडतो. गेल्या वर्षी त्यांना दम्याने धरलं. डॉक्टरांनी बजावलं, आता चुलीसमोर उभं राहायचं नाही. वहिनींनी मान डोलावली आणि घरी येऊन दाजीला सांगितलं, “ह्या वर्साचो प्रसाद मीच करतलंय. धूर गिळीन, पण मान सोडूचंय नाय.”

सिलिंडर देवळात आणायची महादूतात्यांना भीती. ते देवळाच्या समितीचे प्रमुख, त्यामुळे तो विषय तिथेच मिटलेला. मग दाजीने समितीपुढे बायचं नाव काढलं. पाइप टाकला की गॅस शेडमध्ये. सगळ्यांच्या कपाळाला आठ्या. बंदरावरच्या माशांच्या आतड्यांच्या गॅसवर देवाचा नैवेद्य? तात्यांनी बराच वेळ सुपारी कातरली आणि म्हणाले, “गॅस घेवया. पण श्रावणात त्या टाकीत माशाचो एक काटो जावक नको.”

“एक खवलो जावचो नाय,” दाजी म्हणाला.

मला तिथेच हसू फुटलं. टाकीला श्रावण पाळायला लावणारी माणसं जगात दुसरीकडे कुठे नसतील. पण दाजी आनंदात होता, म्हणून मी जीभ आवरली.

शेडपर्यंत पाइप टाकून झाला, तीन शेगड्याही बसल्या. नेमकी तेव्हाच मासेमारीची बंदी उठली. होड्या समुद्रात गेल्या आणि बंदरावरचा टेम्पो घाणीचे डबे भरून वाडीत आला. दाजीने तो दारातून परत पाठवला. पण बायचं पोट तर भरायला हवं. त्याने वाडीत सांगत फिरायला सुरुवात केली, आणि लोकही पुण्य मिळत असल्यासारखे धावले. उपासाचा उरलेला साबुदाणा, केळ्यांच्या साली, हॉटेलांतला शिळा भात, घमेल्यांनी आत गेलं. माझ्या दुकानातला नासलेला गूळही गेला. दाजी प्रत्येक घमेल्यापाशी बायला सांगत होता, “खा गो बाय, उपासाचा आसा.”

थोड्याच दिवसांत अंगणवाडीतली शेवंती टाकीवर आली. तिथला खाऊ ती शिजवते. “दाजीनू, डाळ शिजना नाय. ज्योत भुरभुरता नि इझता.”

दाजीने स्वतः जाऊन काडी ओढली. ज्योत एकदा उडाली आणि गेली. तो परत आला तेव्हा त्याचा चेहरा मला बघवेना. टाकीचं तांत्रिक काम बघणाऱ्या किरणला फोन गेला. स्कूटरवरून भिजत आली पोरगी. आतलं पाणी घेतलं, त्यात कागदाची पट्टी बुडवली आणि तिचा रंग बघून म्हणाली, “काका, आंबट झालंय सगळं. काय काय घातलंत?”

दाजीने खरं ते सांगितलं, श्रावणासकट. किरण हसली नाही, तेवढ्यावरच ती मला आवडली. “एकदम एवढा भात आणि साबुदाणा गेला की आत आंबटपणा वाढतो,” ती म्हणाली. “मासळीमुळे तो आवरला जायचा, ती तुम्ही एकदम तोडली. गॅस करणारे जीव आंबटात टिकत नाहीत. आता काही दिवस काही म्हणजे काही घालू नका. मग रोज थोडं ताज्या शेणाचं पाणी. चुन्याची निवळी किती घालायची ते मी येऊन बघेन.”

“शेवटच्या सोमवारपर्यंत पेटात?”

“शब्द नाही देऊ शकत, काका.”

आता वाडीत शेण म्हणजे एकाच गोठ्यात, महादूतात्यांच्या. दाजी आणि मी तात्यांकडे गेलो. दाजीने झालं ते सांगितलं. कुणाची चूक हे तो बोलला नाही आणि मीही बोललो नाही, मोठ्या कष्टाने. तात्या म्हणाले, “शेण चलता मां तिका? मग शेण पवित्रच.” दुसऱ्या सकाळपासून धोतर खोचून, पाटी घेऊन ते स्वतः उतारावरून खाली येताना दिसायला लागले.

इकडे वहिनींनी शेडमध्ये लाकडं रचायला घेतली. आंब्याच्या वाळक्या फांद्या, माडाची सुकी चुडतं, सगळं. एका एका मोळीला खोकत होत्या. मी म्हटलं, “वहिनी, जरा थांबा.” त्या म्हणाल्या, “देव थांबाचो नाय.” दाजीने ते ऐकलं. त्या दिवसापासून तो बायशी बोलेनासा झाला. नुसता झाकणावर हात ठेवून बसायचा. माझ्या दुकानात आला तरी चहा तसाच गार व्हायचा. मला भांडायलाही कोणी उरलं नाही.

रविवारी दुपारी किरण आली, पट्टी बुडवली, शेडमध्ये गेली आणि काडी ओढली. ज्योत धरली. निळी, सरळ. दाजी खाली वाकून बघत राहिला. किरण म्हणाली, “पोट बरं झालंय, पण उद्या प्रसाद झाला की उरलेला भात घालू नका हं, काका.”

सोमवारी वहिनींनी लाकडांना हातही लावला नाही. तीन शेगड्यांवर टोपं चढली. नैवेद्याचं पहिलं पान देवाला गेलं, दुसरं गाईला, आणि मग पंगती बसल्या. लोकांना एवढा आनंद झाला होता की जो तो पानातलं उरलेलं घेऊन बायला खाऊ घालायला उताराकडे निघाला. दाजी हात पसरून वाटेत उभा. “नको रे बाबांनो, पाया पडतंय तुमच्या.” तात्यांनाही त्याने परत फिरवलं.

वहिनी पहिल्यांदाच पंगत बघायला मांडवात आल्या. पदराला हात पुसत उभ्या राहिल्या आणि कोण किती खातं ते बघत राहिल्या. खोकला नाही, काही नाही. कुणीतरी खीर मागितली तर स्वतः वाढायला गेल्या.

मी शेडमध्ये डोकावलो. दाजी शेगड्यांजवळ एकटाच उभा होता, पंचाने डोळे पुसत.

“काय रे झाला?” मी विचारलं.

“धूर गेलो डोळ्यात.”

तीन शेगड्या निळ्या जळत होत्या. येणाऱ्या गणपतीसाठी चुना लावलेली शेडची भिंत तशीच पांढरी होती. दाजीची खोड काढायची संधी मी आजवर कधी सोडलेली नाही.

“व्हय रे,” मी म्हणालो, “लय धूर आसा हंय.” आणि माझा कोरडा पंचा त्याला दिला.