आत्याचा लॅपटॉप बंद करायचा नाही

माझी आत्या नोकरीचं सगळं आयुष्य एका मोठ्या हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर बसली. तिथला पहिला धडा असा, की समोरच्याने फोन ठेवेपर्यंत आपण लाईन तोडायची नाही. त्या टोकाला कुणाचा जीव टांगणीला लागलाय, काय सांगावं! रिटायर झाली तरी तो धडा तिच्या अंगातून गेला नाही. लॅपटॉपवरही ती कधी काही बंद करत नाही. बातम्या, हवामान, स्वेटरचे नमुने, सगळं उघडंच. काम झालं की झाकण मिटायचं, सकाळी उघडायचं. मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये असते, त्यामुळे हे बघून माझं डोकं फिरायचं.

"अगं, त्या मशीनला जरा दम खाऊ दे."

"मला नाही बाई कुणाला मध्येच तोडायला आवडत," ती म्हणायची. पुढे बोलणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं.

गेल्या रविवारी तिचा फोन आला. "लॅपटॉप अडकलाय गं. दादा म्हणतोय बटण दाबून बंद करू." दादा म्हणजे तिचा मुलगा. त्याच्याकडे जगातल्या सगळ्या दुखण्यांवर हे एकच औषध आहे.

"मग करू दे की."

"त्यात ताईचं सगळं आहे."

ताई म्हणजे आमची थोरली आत्या. रोज दुपारी ती फोनवरून लहानपणीच्या गोष्टी सांगायची आणि धाकटी टाईप करायची. आजोबांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, दोघी बहिणींत मिळून एक छत्री, शाळेतली मारामारी. मग थोरलीला अर्धांगाचा झटका आला. आता तिला कळतं सगळं, पण शब्द फुटत नाही. ते पुन्हा सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

"सेव्ह कुठे केलंयस?"

"सेव्ह कशाला? रोज झाकण उघडलं की असायचंच की समोर."

मी चपला कशाबशा पायात सरकवल्या आणि धावले.

दादाचं बोट बटणावरच होतं. "हात काढ आधी," मी खेकसले. मग समजावलं. मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा आणि डिस्क म्हणजे कपाट. आत्याने ओट्यावर इतका पसारा मांडलाय, की मशीनला हात हलवायला जागा नाही, म्हणून ते अडकलंय. आणि वीज गेली की ओटा पुसून लख्ख. कपाटात ठेवलेलं तेवढं वाचतं.

त्यात बॅटरी केव्हाच बाद झालेली. चार्जरची वायर हलली तरी खेळ खलास. दादाला ती वायर धरून जमिनीवर बसवलं.

मी एकेक खिडकी बंद करायला घेतली. दर क्लिकनंतर ते गोल चक्र फिरत राहायचं आणि आम्ही तिघं बघत राहायचो. बोर्डवरच्या लाईनी तोडाव्यात तसं, एकेक आत्याला विचारून विचारून बंद केलं.

"बातम्या?"

"कर."

"हवामान?"

"कर बाई."

"स्वेटर?"

आत्याने तो नमुना एकदा डोळे भरून बघून घेतला. "कर."

स्वेटर गेले आणि मशीन हललं. ताईचं पान वरखाली सरकायला लागलं. मी सेव्ह केलं, पेनड्राईव्हवर घेतलं, स्वतःला मेल केलं. माझ्या फोनवर फाईल उघडून आत्याला दाखवली, तेव्हा ती मटकन खुर्चीत बसली आणि पदराने डोळे पुसत हसत सुटली. मलाही इतकं हलकं वाटलं, की दादाला उगीचच एक धपाटा घातला. त्याने तेवढ्यात ओट्यावर चहा ठेवला, खऱ्या ओट्यावर.

ओटा मोठा व्हावा म्हणून मेमरीची आणखी एक पट्टी मी दुसऱ्या दिवशी आणून बसवली. पण त्या दिवशी आत्याला धीर कुठला? तिने लगेच थोरलीला फोन लावला. तिच्या सुनेने तो तिच्या कानाशी धरला आणि आत्या पहिल्यापासून वाचू लागली. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. शाळेतल्या मारामारीपाशी आत्याने वाचलं, "आणि धाकटीने आधी हात उगारला."

"अंहं," पलीकडून आलं. स्पष्ट, ठसक्यात.

आत्याचा आवाज चढला. "अंहं काय? तूच असं सांगितलं होतंस. आता पलटू नकोस."

"अंहं."

"बरं, तू उगारलास. झालं समाधान?"

पलीकडे थोरली हसली. आत्याने ते वाक्य खोडलं आणि खरं काय ते लिहिलं: थोरलीने आधी हात उगारला.