बंदुकीने धरलेला नेम

नव्वदचं दशक संपत आलं होतं. जळगावात आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये संध्याकाळी तासावर गेम खेळायला मिळत. शनिवारी बाजाराला आला की एरंडोलच्या कापसाच्या जिनिंग मिलमधला एक माणूस माझ्या शेजारी बसे. बाहीला कापूस चिकटलेला असे, म्हणून आधी माऊसच्या पोटातला रबरी चेंडू काढून पुसायचा. मग डोळा बारीक करून माऊसने बंदुकीचा नेम धरायचा आणि दर वेळी शेवटच्या राक्षसाच्या हातून मरायचा. मरून खदखदा हसायचा.

एका शनिवारी क्लासच्या मालकाने त्याच गेमचा नवा भाग लावला. टीव्हीला जोडायच्या गेमच्या खोक्यासाठी बनवलेला, तसाच उचलून कॉम्प्युटरवर आणलेला. असल्या आळशी कामाची मला आजही चीड येते. माऊस चालेचना. नुसती कीबोर्डची बटणं दाबायची. समोर कोणी आलं की बंदूक आपोआप वळायची. थोड्याच वेळात राक्षस पडला.

“भाऊ, जिंकलात की!” मालक त्याला म्हणाला.

“नेम बी बंदूकच धरस, मंग मी आठे कसाले बठेल शे?” मी इथे कशाला बसलोय, असं तो त्याच्या अहिराणीत म्हणाला.

माऊसला त्या दिवशी त्याचा हातही लागला नव्हता. तरी सवयीने त्याने चेंडू काढला, पुसला, परत बसवला. इतके शनिवार हरून हसत जाणारा माणूस जिंकला त्या दिवशी न हसता गेला. पुन्हा आला नाही.