पट्टीवरचा बगळा

“हा बघा आमचा नमुना.”

सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बाजारात बकऱ्याच्या डोक्यावर ठेवतात तसा. “सुरगाण्याच्या डोंगरातला आहे. इंग्रजी मेनू धड वाचता येत नाही. तरी माझ्या पट्टीवर फटाफट काम करतो. इतकं सोपं केलंय मी!”

सॉफ्टवेअर कंपनीचे तीन पाहुणे हसले. सभ्यपणे. मी नव्या पांढऱ्या शर्टात कॉम्प्युटरसमोर बसून होतो.

ती पट्टी माझी होती.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. अंबडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर सरांचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ होता. परदेशी कार्टूनचं काम यायचं. आम्ही बाराजण, बहुतेक मराठी शाळेतले. सॉफ्टवेअर म्हणजे मेनूच्या पोटात मेनू. एक आज्ञा शोधायला पाच ठिकाणी क्लिक. चुकलं की सर ओरडायचे, “वाच! मोठ्यांदा वाच काय लिहिलंय!” शेजारच्या मंदाला एकदा सगळ्यांसमोर एकच शब्द तीनदा वाचायला लावला. ती रडली नाही. डबा मात्र न उघडता घरी नेला.

मी आधी सुरगाण्याला जीपगाड्यांवर चित्रं काढायचो. पोपट, वाघ, मोर. आमच्याकडची म्हातारी माणसं नंबर वाचत नाहीत. “पोपटाची गाडी गेली का रं?” असं विचारतात. तेच डोक्यात आलं. सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या कडेला बटणांची आपली वेगळी पट्टी करता येत होती. रोज लागणाऱ्या चौदा आज्ञा मी शोधून तिच्यावर आणल्या. कामाच्या क्रमाने. प्रत्येकीला एक चित्र. हालचाल हळू सुरू होऊन हळू थांबायची असेल, तर घाटातली जीप. पात्र आहे तसंच स्थिर ठेवायचं असेल, तर बगळा. भातखाचरात बगळा एका पायावर उभा राहतो. हलत नाही. मग एकदम चोच मारतो.

आठ दिवसांत मंदा माझ्यापुढे गेली.

सरांनी पाहिलं. “सगळ्या मशीनवर टाक. सॉफ्टवेअर कंपनीचे लोक आपलं काम बघायला येणार आहेत.”

मी फुकट काही देणारा माणूस नाही. म्हटलं, “टाकतो. पण कंपनीचे लोक आले की कोणी केलं, कसं केलं, ते मी सांगणार.”

“अरे, तूच सांगशील. शब्द दिला. चांगला शर्ट घालून ये.”

जीपवर चित्र झालं की खाली कोपऱ्यात पेंटरने नाव टाकायचं, ही आमची रीत. मी कधी चुकलो नव्हतो. पट्टीवर टाकलं नाही. सरांचा शब्द होता ना.

आणि आता मी त्यांचा नमुना होतो.

पाहुण्यांतल्या बाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. “हा बगळा कशासाठी?”

सर थांबले. “ते... उडण्याच्या हालचालीसाठी.”

मंदाने मान खाली घातली. हसू दाबताना तिचे खांदे हलत होते. बाईंनी ते पाहिलं. माउस सरांकडे सरकवला. “दाखवता का?”

सर माझ्याकडे वळले. आवाज लोण्यासारखा. “सांग ना रे बाळा.”

बाळा! दोन वर्षं मी ‘ए डोंगऱ्या’ होतो.

माझं डोकं लवकर तापतं. त्या दिवशीही तापलं. पण आवाज चढवला नाही.

“ज्यानं काढला त्यालाच माहीत, सर. तुम्हीच काढलाय ना?”

खाली कारखान्यातला प्रेस तेवढा धाडधाड आपटत होता. मी उठलो.

सर जिन्यापर्यंत मागे आले. “सुपरवायझर करतो तुला. वर चल, तेवढं बगळ्याचं सांग.”

“आधी माझं नाव सांगा त्यांना. इथूनच, ओरडून सांगा.”

त्यांनी वर पाहिलं. मग माझ्याकडे. मी जिना उतरलो.

त्यानंतर बऱ्याच स्टुडिओंना पट्ट्या करून दिल्या. कोऱ्या कागदावर आधी कोपऱ्यात नाव लिहितो, मग चित्राला हात घालतो. समोरचा म्हणतो, “नावाचं नंतर बघू.” मी कागदाची घडी करतो आणि उठतो. सौदा मी अजून करतो. दिवसांवर करतो, चित्रांवर करतो. नावावर करणार नाही. शब्द देणारा कोणीही असो.