शोभाची काडीमोड

शोभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणवाडीत खिचडी वाढत होते. कावीळ झाल्यामुळे ती नंदुरबारच्या दवाखान्यात होती, हे माहीत होतं. पण आदल्या दिवशीच तर मला झापलं होतं तिनं, "रडी काय ऱ्हायनी? पुढना महिनामा मन्ही तारीख शे, मी काय मरस?" तारीख म्हणजे कोर्टाची. बाईला मरायलाही सवड नव्हती...

रनाळ्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिला कळसाडीला दिली होती. नवऱ्यानं मारझोड करून माहेरी आणून टाकलं, तेव्हा भावकीचे पंच ओट्यावर बसले. तुरीची वाळकी काडी त्याच्या हातात दिली, त्यानं मोडली आणि झालं! "सुटनी पोर," म्हणत चहा फिरला. नवऱ्यानं लगेच दुसरी केली. शोभा शिवणकाम करू लागली.

पुढे गुलाबराव आले. एसटीत कंडक्टर, बायको वारलेली, माणूस लाखात एक. बहिणीचे ब्लाउज शिवायला टाकायच्या निमित्तानं चकरा सुरू झाल्या. मी चिडवलं की शोभा लाजायची, पण लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आधी पक्कं इचारू. मले लटकानं नई." म्हणून आम्ही दोघी वकीलबाईंकडे गेलो.

त्यांनी नीट समजावलं. दोघं राजी असतील तर दोघांनी मिळून अर्ज करायचा, तो सोपा रस्ता. एक जण अडला तर छळ, टाकून देणं, दुसरी बायको, असं काही कोर्टात शाबीत करायचं. आणि काडीमोड? तीही कायद्याला चालते, पण तुमच्यात ती पूर्वापार चालत आलीय आणि तुमची खरोखर झाली, याला साक्षीदार हवेत. शोभा हसली. अख्खी गल्ली होती की साक्षीला!

ते हसू रनाळ्यात येईपर्यंत टिकलं. नवरा सही देईना. सही केली की शोभा अजून बायकोच आहे असं कबूल झालं असतं, मग घरातली दुसरी कोण? पंचांकडे गेलो तर जातपंचायत भरवली म्हणून गुन्हा होईल, या धास्तीनं सगळ्यांची वाचा बसली. मुख्य पंच तिचेच चुलते. ते म्हणाले, "कसानी काडी? आम्ही ते चहा पेवाले बठेल व्हतूत." मी तिथंच तोंड सोडलं.

उरला भांडायचा रस्ता. नवऱ्याचा वकील दर खेपेला पुढची तारीख मागायचा. कधी नवरा आजारी, कधी ऊसतोड. केस चालू आहे तोवर गुलाबरावांबरोबर दिसू नका, असं वकीलबाईंनी बजावलेलं. त्यामुळे चकरा बंद. दवाखान्यातसुद्धा बिचारे आले नाहीत, आम्हीच येऊ दिलं नाही. "गावना हिसाबमा मी सुटेल, कोर्टना हिसाबमा बांधेल," ती म्हणायची. "मंग मी शे तरी कोन?" मी चहा टाकायचे.

आणि मग तो दिवस. तिला आंघोळ घातली आणि चुलतीनं तिच्या हातात हिरवा चुडा भरायला घेतला. मी ओरडले, "अहो, हिची काडीमोड झालीय ना!" चुलती शांतपणे म्हणाली, "कोर्टनी कोठे सोडी? नवरा जित्ता शे. सवाष्ण शे ती." इतका संताप आला मला, पण मेलेल्या बाईच्या अंगावर हिसकाहिसकी कशी करायची? तेवढ्यात नवरा हजर! एका सहीसाठी ज्याला कधी वेळ झाला नाही, तो मोटारसायकल दामटत आला. चुलत्यांनी हाताला धरून पुढे नेलं आणि अग्नी त्यानंच दिला. गुलाबराव खाकी गणवेशात, पार मागे उभे होते.

दशक्रियेचा फलक स्टॅण्डवर अजून लटकतोय. 'कै. सौ. शोभाबाई', पुढे त्या माणसाचं नाव. गुलाबरावांची एसटी थांबते ती नेमकी त्या फलकासमोर. पूर्वी ते खाली उतरून म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देऊन चढवायचे. आता आतूनच घंटी मारतात.