पेण ते रोहा, नवसाने

आमच्या घराण्यात आजवर कोणीही सायकलने डोंगर ओलांडलेला नाही आणि त्याचं कोणाला कधी वाईटही वाटलेलं नाही. वाटलं ते आमच्या मुक्ताला. नोकरीसाठी बंगळूरला जायला पंधरा दिवस उरले असताना तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. "बाबा, जायच्या आधी आपण दोघं सायकलने पेण ते रोहा जाऊ. हायवेने नाही, डोंगरातून."

"रोह्याला रेल्वे जाते," मी म्हणालो.

"म्हणूनच."

या उत्तराचा अर्थ मला अजून लागलेला नाही. पण पोरगी जाणार होती, म्हणून मी हो म्हणालो. मी गणिताचा शिक्षक, वय चौपन्न, उजवा गुडघा वयाने माझ्याहून मोठा! सरावासाठी मी रोज सकाळी धरमतरपर्यंत सायकल मारू लागलो. तो रस्ता इतका सपाट की चढ म्हणजे काय तो पुलाचा. पूल आला की मी उतरायचो आणि खाडीला भरती आहे का ओहोटी, ते बराच वेळ बघायचो. (दोन्ही वेळेस ती मला सारखीच दिसायची.)

मुक्ताचा बेत पक्का होता. गागोद्याच्या बाजूने डोंगरात शिरायचं, जांभूळपाड्याला उतरायचं, मग पाली, नागोठणे आणि शेवटी भिसे खिंड चढून रोह्याला, म्हणजे माझ्या बायकोच्या, सुनंदाच्या माहेरी. प्रत्येक चढ-उतार किती मीटरचा ते तिने वहीत लिहून काढलं होतं. मी त्या वहीत फक्त उतार वाचत होतो.

सगळं सुरळीत चाललं असतं, पण नकाशा आईने पाहिला.

"जांभूळपाड्यावरनं जाणार नि आत्याकडं नाय जाणार?" असं म्हणत तिने फोन लावलासुद्धा. "वन्सं, आमचा पोरगा येतोय तिकडं, पुढं पालीला जायचाय. नाय, गाडीनं नाय. सायकलनी. डोंगरातनं. व्हय, गाडी हाय की दारात." मग पलीकडून आत्या काहीतरी बोलली आणि आईचा चेहरा पडला. "नाय गो, मला काय बोलला नाय तो."

फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली. "खरं सांग. कसला नवस बोललास?"

आमच्याकडे दारात गाडी असलेला माणूस डोंगर ओलांडून सायकलने पालीच्या गणपतीला निघाला, तर त्याला कारण एकच असतं. मी म्हणालो, "आई, नवसबिवस काही नाही. मजा म्हणून चाललोय."

"मजा करायला कोन डोंगरात जातं?" आई म्हणाली आणि विषय संपला.

दुसऱ्या दिवशी शाळेत उपमुख्याध्यापकांनी दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि "रिपोर्ट आले का?" असं हळूच विचारलं. नवसाची बातमी पेणभर झाली होती आणि कारणावरून दोन पक्ष पडले होते: मला मोठा आजार आहे हा एक, मुक्ताचं लग्न जमत नाही हा दुसरा. दुसऱ्या पक्षाची सरशी झाली, कारण आजारावर नातेवाइकांना काही करता येत नाही, लग्नावर येतं. संध्याकाळी आत्याचा फोन आला. "पोरगा बघून ठेवलाय. कंपनीत पर्मनंट हाय, रविवारी सुट्टी. घरची जीप हाय. तुम्ही येनारच हाव, तर बघून घ्या."

मुक्ता रडकुंडीला आली. "बाबा, यात काही ठरवून बसले तर हे लोक मला बंगळूरला पाठवणार नाहीत. आपण जायचंच नको."

खरं सांगतो, हे वाक्य ऐकायला माझा गुडघा इतके दिवस आतुर होता. पण आई आडवी आली. "नवस मधीच टाकशील तर पोरीचं वाटोळं होईल." सुनंदाही म्हणाली, "अहो, आता जाऊनच या." जो नवस कोणी बोललाच नव्हता, तो मोडायची आता सोय उरली नव्हती.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. गागोदे मागे पडलं आणि पहिल्याच चढाला मुक्ता पुढे गेली, दिसेनाशी झाली. मी सायकल ढकलत होतो. खरं तर सायकलच्या आधाराने उभा होतो. तेवढ्यात समोरून जीप आली. स्वतः आत्या सामोरी आली होती. गाडी चालवत होता तो मुलगा, मागे त्याची आई.

आत्याने मला वरून खालपर्यंत पाहिलं. "नवस कोनासाठी?"

वाद घालायला छातीत हवा नव्हती. "मुक्तासाठी," मी म्हणालो.

"मंग तिचा तिनंच फेडायचा. तिच्या वाटचं तू जेवतोस काय? बस गाडीत."

कुठलंही शास्त्र मी इतक्या लवकर मान्य केलेलं नाही. सायकल टपावर गेली आणि मी पुढच्या सीटवर.

मग सुरू झालं मुलगी बघणं! मुक्ता पायवाटेने, जीप रस्त्याने. जांभूळपाड्याला पोचलो तर ती पाणी पिऊन गेली होती. तिथे आत्याने सगळ्यांना जेवायला बसवलं, म्हणून पालीला पोचलो तर ती दर्शन घेऊन गेली होती. नागोठण्याला आत्याने चहासाठी गाडी थांबवली, त्यामुळे तिथे तर प्रश्नच नव्हता. शेवटी भिसे खिंडीत ती दिसली, पाठमोरी, पेडलवर उभी राहून चढताना. मुलगा एका ट्रकच्या मागे अडकला होता.

मुलाच्या आईने बराच वेळ काचेतून पाहिलं. "ही काय घरात बसायची नाय," ती म्हणाली. "आमच्या बाळाला जिना चढला तरी धाप लागते."

"व्हय," बाळ म्हणाला. दिवसभरात तो पहिल्यांदाच बोलला आणि इतका मोकळा होऊन बोलला की मला त्याचा लोभच वाटला.

माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. रोह्याला सुनंदा आधीच रेल्वेने येऊन ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. मुक्ता पायरीवर बसली होती, गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलेली. आत्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं, "नवस फिटला. पोरीला जाऊ दे आता नोकरीवर." मुक्ताने येऊन मला मिठी मारली आणि माझे डोळे भरून आले. खोटं कशाला सांगू, पोरगी सुटली म्हणून आलं ते निम्मं पाणी. उरलेलं मी सुटलो म्हणून.

"बाबा," ती कानाशी म्हणाली, "पुढच्या वर्षी सुट्टीत आले की भीमाशंकर. नक्की."

मी पालीच्या दिशेला वळून हात जोडले आणि आयुष्यातला पहिला खरा नवस बोललो, की देवा, त्याआधी माझी सायकल चोरीला जाऊ दे. फेडायला मी जरूर येईन. एसटीने येईन, हवं तर पेणपासून उभा!