हौदाचं विरजण

बनुबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती आणि हातात मासळीच्या पिल्लांची चाळणी. भंडारदऱ्याच्या खालच्या अंगाला आमच्या गावी सिमेंटचे दोन हौद बांधले होते. माशांची नुकती जन्मलेली पिल्लं त्यात वाढवायची आणि बोटाएवढी झाली की तलावांत सोडायची. पिल्लं इतकी बारीक की त्यांना मत्स्यजिरेच म्हणत. हौद शाळेला लागून आणि आम्ही राहायला शाळेच्याच खोलीत, कारण आमचे हे तिथे मास्तर. कामावर येता-जाता बनुबाई माझ्या ओट्यावर टेकायच्या.

माळकरी बाईने हे काम धरलं म्हणून थट्टा व्हायचीच. राखणदार सूर्यभान रोज विचारायचा, "मावशी, आज कालवणाला किती घालू?" त्या शांतपणे सांगायच्या की मी जीव वाढवते, मारत नाही, पुढचं ज्याचं त्याच्यापाशी.

पण त्र्याहत्तरच्या पावसाळ्यात आलेल्या जिऱ्यांच्या दोन्ही खेपा चौथ्या-पाचव्या दिवशी गेल्या. पिल्लं पांढुरकी पडली आणि पाण्यावर तरंगली. आपल्याच हातून काही घाण राहिली, असं बनुबाईंनी मनाला लावून घेतलं. देवाची उपकरणी घासावीत तसे त्यांनी हौद घासले. राख, विटेचा तुकडा, वर ब्लीचिंग पावडर, मग धुऊन उघडीप बघून वाळवणं. ओट्यावर बसून मला म्हणाल्या, "बाई, तिसरी खेप मेली तर मी चाळनी ठिवून देनार. एवढ्या जिवांचं पाप कुठं फेडू?"

दोन दिवसांनी त्या वाटी घेऊन विरजण मागायला आल्या. दह्याचं गाडगंही त्यांनी तळापासून घासून उकळत्या पाण्याने धुतलं होतं. मी हसून म्हटलं, सगळं घासून काढलंत, आता नुसत्या दुधाचं दही कसं लागणार? विरजण नाही मिळालं तर ते नासणारच.

त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली आणि हौदांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग माज्या हौदाला विरजन कुनी दिलं?"

महादेवाच्या देवळापुढे एक जुनं कुंड आहे. पाणी हिरवट, तळाला गाळ, आणि तिथले मासे कधी कुणी धरत नाही. बनुबाईंचं म्हणणं, त्या कुंडात पिल्लं होतात, वाढतात, मरत नाहीत. ते कुंड कोण घासतं? महादेवाला सांगून त्या दोन घागरी पाणी आणि मूठभर गाळ घेऊन आल्या.

मत्स्यखात्याचे रंगनाथ साहेब आधी नाहीच म्हणाले. बाहेरच्या पाण्यातून रोग येतो, असं ते शिकले होते आणि ते काही खोटं नव्हतं. बनुबाई म्हणाल्या, "साहेब, एक हौद तुमचा, एक माजा."

खेप यायच्या आठ दिवस आधी त्यांनी आपल्या हौदात कुंडाचं पाणी मिसळून ठेवलं. पाण्याला हिरवी झाक आली. पिशव्यांतून जिरे आले, दोन्ही हौदांत सारखे सोडले, शेंगपेंड आणि कोंडाही सारखाच घातला. पाचव्या दिवशी साहेबांच्या हौदाला वास सुटला. बनुबाईंच्या हौदात थोडी मेली, बाकीची चाळणीभर चुळबुळत राहिली.

साहेब माणूस सरळ. आमच्या ह्यांना म्हणाले, "मास्तर, गाडी आधीच भरून आली तर स्टँडवरचे उडाणटप्पू चढतात का? चांगले जंतू जागा धरून बसले की वाईटांना शिरकाव मिळत नाही. कोऱ्या हौदात त्यांना मोकळं रान मिळालं." नेहमी असंच होईल म्हणून मी लिहून देणार नाही, असंही ते म्हणाले, पण दुसऱ्या हौदात कुंडाचं पाणी त्यांनी स्वतः ओतलं.

दीड महिन्याने बोटाएवढी पिल्लं डब्यांतून तलावाकडे गेली. सूर्यभान हौद घासायला राख घेऊन उतरला. बनुबाईंनी त्याला वर बोलावलं आणि तळातलं चार बोटं पाणी तसंच राहू दिलं. "ऱ्हाऊ दे रे, ते लागतं," एवढंच म्हणाल्या. मग देवळाच्या दिशेने हात जोडले, चाळणी धुतली आणि पुढच्या खेपेसाठी खुंटीला लावली.