काट्यावरचे चाळीस

चौक गावच्या मासळीवाल्या बायका ज्युलियसच्या पिकअपमध्ये मागे बसतात तेव्हा डाव्या कोपऱ्यात कुणी बसत नाही. टोपल्या एकावर एक रचतील, गुडघे पोटाशी घेतील, जागेवरून एकमेकींचा उद्धार करतील, पण ती हातभर जागा मोकळी. कुणी तसं ठरवलेलं नाही. ज्युलियसला ती आरशात दिसायची, म्हणून त्याने आरसाच आभाळाकडे वळवून ठेवला होता. भाईंदरच्या नाक्यावर हवालदार हटकायचा, आरसा सरळ करायला लावायचा. हा मुकाट्याने करायचा आणि पुढच्या वळणावर परत वर.

वीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या बोटींवर काढली. पाठ गेली तेव्हा जुनी पिकअप घेतली आणि बंदरावरची मासळी, मासळीवाल्यांसकट, भाईंदरच्या बाजारात न्यायला लागला. गाडी डांबरी रस्त्यावर थांबायची. बोटीपासून तिथवर बायका ओल्या टोपल्या डोक्यावर घेऊन घोटाभर रेतीतून यायच्या, कानामागून मासळीचं पाणी गळत.

एक दिवस बर्नडेटने टोपली त्याच्या बॉनेटवर आदळली. ही स्टीवनची बायको. तिच्या जिभेला गावात सगळे वचकून. ती म्हणाली, "रेतीत उतरत न्हाय तर ही गाडी हाय कशाला? फोटो काढायला?"

बायका हसल्या. ज्युलियसला दुसरं काहीही चाललं असतं, बायकांचं हसणं नाही. त्याच आठवड्यात त्याने भंगारातल्या एका मोठ्या जीपचे रुंद, उंच टायर मिळवून चढवले. गाडी चांगली तीन बोटं वर गेली. रेतीत अशी उतरली की खलाशांनी शिट्ट्या मारल्या. बर्नडेट पहिली चढून डाव्या कोपऱ्यात बसली, राणीसारखी.

फुकट काही झालं नव्हतं. डोंगरीच्या चढाला गाडी तिसऱ्या गिअरात दमायची, दुसरा टाकावा लागे. डिझेल जास्त प्यायची. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायर मडगार्डला घासून घर्र करायचा. ब्रेक दाबला की आधीपेक्षा दोन हात पुढे जाऊन थांबायची, आणि वळणावर वरचं धूड झोकांडी खायचं. ज्युलियसला हे सगळं कळत होतं. बायकांच्या माना वाचतायत ना, मग बस.

दोन हजार चारच्या ऑक्टोबरात, सकाळी साडेसातला, डोंगरीच्या उतारावर वळणात बैल आडवा आला. ज्युलियसने ब्रेक मारला, गाडी कलंडता कलंडता सावरली. मागे दोघीजणी टोपल्यांना मिठी मारून होत्या. बर्नडेट रस्त्यावर होती.

पोलिसांनी अपघाताची नोंद केली. गावाचं समाधान त्याने होत नाही. चर्चमधली रविवारची मिस्सा संपल्यावर क्रूसापाशी गावकी बसली आणि म्हाताऱ्यांनी विचारलं, किती जोरात होतास? ज्युलियसने क्रूसावर हात ठेवला. काटा चाळीसवर होता, म्हणाला, केसभर वर असेल तर मला समुद्राने न्यावं.

तो खोटं बोलत नव्हता. चाळीसवर काटा त्याने डोळ्यांनी पाहिला होता. आणि चाळीसने त्या उतारावर आजवर कुणी पडलं नव्हतं, हे गावाला ठाऊक. मग बर्नडेट उभी राहिली असणार. नक्कीच उभी राहिली, तिला कुठे स्वस्थ बसवत होतं? दोघींपैकी एकीलाही ती उभी दिसली नव्हती, तरी आठवडाभरात गावभर तेच. गावकीचा न्याय झटपट उरकतो, कारण मेलेलं माणूस उलट बोलत नाही. दोन वर्षं स्टीवन जाळी विणत बसला आणि येणारा-जाणारा हळहळत त्याला सांगत राहिला, उभी राहायला नको होती रे.

या दोन वर्षांत ज्युलियसला एकच छळत होतं. चाळीसने माणूस एवढं लांब कसं फेकलं जाईल? बाजारातून रिकामी गाडी परत आणताना तो मुद्दाम गाडी वळवून त्याच उतारावर खाली यायचा आणि वळणात चाळीस लावून ब्रेक मारायचा. दर वेळी मागे काहीतरी सरकल्यासारखं वाटायचं. उतरून बघायचा. मागे काहीच नसायचं.

दोन हजार सहाच्या पावसाळ्यानंतर पुढचा टायर झिजला म्हणून तो भाईंदरला उत्तमच्या टायरच्या दुकानात गेला. उत्तम चाक उघडत असताना ज्युलियसने जुनाच विनोद केला. माझ्या गाडीने शॉर्टकट शोधलाय, म्हणाला. चौक ते बाजार मीटरवर पूर्वी दहा किलोमीटर भरायचे, हे टायर टाकल्यापासून पावणेनऊच भरतात.

उत्तम हसला नाही. असल्याच पिकअपचा, मूळ मापाचा एक जुना टायर त्याने ओढून आणला. दोन्हींवर खडूने रेघ मारली आणि फरशीवर एकेक फेरा फिरवला. मोठा दीड वीत पुढे जाऊन थांबला.

"काटा चाकाचे फेरे मोजतो, भाऊ. रस्ता नाही मोजत," उत्तम म्हणाला. "तुझा चाळीस दाखवतो ना, तेव्हा तू शेहेचाळीसला असतोस. कुणी सांगितलं नाही तुला?"

ज्युलियसने फरशीवरचं ते अंतर वितीने मोजलं. वजनदार चाक, लांबलेला ब्रेक, झोके खाणारी गाडी आणि वरून हे सहा. सगळं त्याचं. क्रूसावर हात ठेवून त्याने ते त्या बाईच्या माथी मारलं होतं.

तो तडक स्टीवनच्या ओट्यावर गेला. सगळं एका दमात बोलून गेला. स्टीवनने विणायची सुई खाली ठेवली नाही. वर बघितलं नाही. आता हा मारेल, असं ज्युलियसला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मला काय सांगतो?" स्टीवन म्हणाला. "मला ठाऊक होतं ती उभी न्हाय राहिली. तिचे गुडघे दुखत होते, गाडीत बसली की बाजार येईपर्यंत उठायची न्हाय. जिथं हात ठेवला तिथं सांग."

रविवारी त्याने सांगितलं. खडू आणि दोन्ही टायर घेऊन गेला होता, क्रूसासमोरच फिरवून दाखवले. एक म्हातारा म्हणाला, मिटलेलं कशाला उकरतो, तुला कुणी दोष दिला का? ज्युलियस भडकला. मला न्हाय दिला, तिला दिला, म्हणाला, तो परत घ्या. मग हळूहळू एकेक जण स्टीवनकडे बघायला लागला. माफी कुणी मागितली नाही. उभी राहायला नको होती, हे वाक्य मात्र त्या दिवसानंतर गावात ऐकू आलं नाही.

सोमवारी गाडीला जुने लहान टायर होते आणि गाडी डांबरी रस्त्यावर थांबली होती. बायका रेतीतून टोपल्या घेऊन वर आल्या, धापा टाकत, त्याच्या सात पिढ्यांना शिव्या घालत. सगळ्यात पुढे हंसा, त्या सकाळी बर्नडेटशेजारी बसलेली. तिने टोपली उतरवली, कमरेवर हात ठेवून श्वास घेतला.

"आम्ही ही रेती तिच्यासाठी तुडवतो हां," ती म्हणाली. "तुझ्यासाठी न्हाय."

ज्युलियसने मागचा फाळका उघडला आणि मान खाली घालून टोपल्या आत घ्यायला लागला.